करंजटोलीचा भुरा

तर काल कुठं थांबलो होतो आपण? हं. गुलाब मेश्राम पहिल्या धारेच्या मोहाची शिशी सदऱ्याखाली दाबून चिंधूच्या घरून निघाला आणि अख्खी करंजटोली ओसरीत उभी राहून त्याच्याकडे पाहत राहिली, इथवर. ज्या माणसानं जन्मात दारूला हात लावला नाही, दर पौर्णिमेला विहारात पुढच्या रांगेत बसून पंचशील म्हटलं, तो भर दुपारी, तेही गाव उठायच्या दिवशी, दारू घेऊन चालला होता. ट्रॅक्टरवर पलंग चढवणारे हात थांबले. कोणीतरी म्हणालं, "गेला गा, हा बी गेला." मी चार पावलं मागे होतो, आणि खरं सांगतो, हसू दाबता दाबता माझ्या पोटात कळ आली.

शिशी कोणासाठी होती ते मला माहीत होतं. एका मेलेल्या खेकड्यासाठी. पण ते समजायचं तर जरा मागं जावं लागेल, आणि मला मागं जायला आवडतंच.

गुलाब आणि मी एका वर्गातले. करंजटोलीच्या शाळेत एकाच टाटपट्टीवर बसून पाढे म्हटले. मी कोष्ट्याचा, घरी माग. तो मेश्रामांचा, त्याच्या आजानं छप्पन साली दीक्षा घेतलेली. मी सातवीत शाळा सोडली आणि लाखनीला येऊन हायवेच्या कडेला सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. गुलाब दहावी झाला आणि तिकडच्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागला. कागदावर परिचर म्हणतात, तोंडानं चपराशी. दोघांत मिळून एक खोली घेतली होती. शनिवारी संध्याकाळी एकाच एसटीनं गावी जायचं, सोमवारी पहाटे परत. त्याची बायको वच्छला गावीच राहायची, दोन एकर धान तिनं एकटीनं सांभाळलं.

त्याचं काम म्हणजे काचेच्या बरण्या. साप, विंचू, बेडूक, मासे, सगळे आपापल्या बरणीत फॉर्मलिनमध्ये बुडालेले. त्या पुसायच्या, औषध कमी झालं की भरायचं, लेबल निघालं की पुन्हा चिकटवायचं. जेवताना मी नाक मुरडलं की तो म्हणायचा, "तुह्या हाताले ग्रीसचा वास, माह्या हाताले मेलेल्याचा. भाताले काही फरक पडते का?"

त्याचं खरेपण एवढं की लोकांना त्रास व्हायचा. एकदा कॉलेजची तपासणी होती. प्रयोगशाळा भरलेली दिसावी म्हणून प्राचार्यांनी दुसरीकडून पाच-सहा मोठ्या बरण्या मागून आणल्या होत्या. तपासणीवाले साहेब एका घोरपडीसमोर थांबले आणि गुलाबला सहज म्हणाले, "छान ठेवली आहे. केव्हापासून आहे ही तुमच्याकडे?"

गुलाब म्हणाला, "परवापासून जी. उद्या वापस जाते."

प्राचार्य सहा महिने त्याच्याशी बोलले नाहीत. मी त्या दिवशी त्याला झापलं. म्हटलं, अरे दोन वर्षं झाली म्हणाला असतास तर काय जिभेला काटा टोचला असता? तर मला म्हणतो, "दर पौर्णिमेले चौथं शील म्हणतो ना गा, खोटं बोलणार नाही म्हून. आता घोरपडीसाठी तोडू का?"

त्या कॉलेजात धनंजय सर होते. शिकवायला बसले की भिंतीवरची पालही ऐकत असेल, असे. एकदा त्यांनी वर्गात एक चित्र लावलं. अमेरिकेतल्या कुठल्याशा गुहेत, जमिनीखालच्या गोड्या पाण्यात राहणारा क्रेफिश. अंग आपल्या झिंग्यासारखं, पुढं खेकड्यासारख्या नांग्या, रंग मेणबत्तीसारखा आणि डोळ्यांच्या जागी नुसते दोन ठोंब. सर सांगत होते की पिढ्यान् पिढ्या अंधारात काढल्या की जनावराला डोळ्यांचं काम उरत नाही, रंगाचंही उरत नाही, मग दोन्ही हळूहळू जातात.

गुलाब मागं उभा राहून खिडकी पुसत होता. तो म्हणाला, "सर, असा भुरा आमच्या गावच्या कपारीत हाय. पण तो झिंगा नाही, केकडा हाय."

पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी तास संपल्यावर गुलाबला बाजूला घेतलं आणि तासभर विचारत बसले.

कपार ही होती. करंजटोलीच्या उगवतीला, नदीकडे, काळ्या दगडाची एक टेकडी, आणि तिच्या पोटात माणूस आडवा होऊन शिरेल एवढी फट. वीस-पंचवीस हात सरपटत गेलं की पाणी लागायचं. वैशाखातही दात वाजतील इतकं थंड. लहानपणी आम्ही एकमेकांना भरीला घालून आत ढकलायचो. तिथल्या दगडाखाली भुरे, म्हणजे फिके पांढरे, खेकडे असायचे, हाताच्या पंजाएवढे, दुधात पाणी घातल्यासारखे. बॅटरी मारली तरी पळायचे नाहीत, कारण त्यांना बॅटरी दिसायचीच नाही. गावात कोणी ते खात नसे. बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला, खेकडा खायचे, बोडीतला, म्हणजे लहान तळ्यातला, खायचे, नदीतला तर भांडून खायचे. भुऱ्याला लोक म्हणत, राहू द्या, त्याले आपला गाव माहीत नाही, आपल्याले त्याचा.

सरांनी मग गुलाबला खेकडे कसे ओळखायचे ते शिकवलं. टेबलावर तीन मांडले होते, एक बांधीचा, एक बोडीचा, एक नदीचा. मी डबा द्यायला गेलो होतो म्हणून मीही ऐकलं. सर म्हणाले, "रंगावर जाऊ नको, रंग चिखलागणिक बदलतो. नांगीवर जाऊ नको, तुटते आणि नवीन येते. नर घे, उलटा कर, आणि पोटाखालची ही निमुळती झाकणी उचल. आत या दोन बारीक काड्या दिसतात? प्रत्येक प्रजातीच्या काड्यांची घडण वेगळी. त्या अमेरिकेतल्या क्रेफिशचंही तसंच आहे, नराच्या पोटाखालचे पहिले दोन पाय पाहिल्याशिवाय तो कोणता ते ठरत नाही. या काड्या नसतील तर जगातला कोणीही शहाणा माणूस त्या खेकड्याला नाव देणार नाही."

गुलाब वाकून पाहत होता. म्हणाला, "म्हंजे सर, इथंबी जात पाहूनच पुढं जाता तुमी."

सर खळखळून हसले. मग गुलाबनं विचारलं, "हा भुरा नवीन निघाला तं त्याले नाव कोणाचं देता?"

"तुझंही देता येईल. गावाचंही देता येतं. जनावर जिथलं, त्या गावाचं नाव मागं लावतात. करंजटोलीएन्सिस."

गुलाब म्हणाला, "गावाचंच द्या."

आता हे तो का म्हणाला ते सांगतो. गोसीखुर्दच्या धरणात बुडणाऱ्या गावांच्या यादीत आमची करंजटोली केव्हाच लागली होती. पाणी आज येईल, उद्या येईल, असं म्हणत आम्ही वर्षं काढत होतो. नवीन घर बांधलं तर बुडेल म्हणून कोणी बांधत नव्हतं आणि जुनं पडलं तर उचलत नव्हतं. गावाचं असं झालं होतं की आजाऱ्याच्या उशाशी सगळे बसलेत आणि कोणी औषध देत नाही. त्यात गुलाबला ही वाट सापडली. खोलीच्या भिंतीवर त्यानं खडूनं ते नाव लिहून ठेवलं आणि सकाळी दात घासताना ते म्हणून पाहायचा. मी म्हटलं, हे नाव आहे का खोकल्याचं औषध? तर तोंडातला फेस थुंकून म्हणाला, "नकाशातून पुसून टाकतील गा आपलं गाव. पण जगातल्या पुस्तकात केकड्याच्या मांगं लागून राहीन. शंभर वर्षांनी कोण्या देशातला माणूस विचारीन, हे करंजटोली कुठं हाय? बस, एवढंच पायजे मले."

त्यानंतर दोन उन्हाळे तो कॉलेजातून स्पिरिटची बाटली घेऊन कपारीत शिरला. दोन्ही वेळा मादीच सापडली, आणि दोन्हींच्या झाकणीखाली पिल्लं चिकटलेली, मुगाच्या दाण्याएवढी. गुलाबनं सोडून दिली. सर म्हणाले, बरं केलंस, आणि पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहत बसले. पुढचा उन्हाळा शेवटचा असेल हे त्यांनाही माहीत नव्हतं.

गाव उठायचा हुकूम मे महिन्यात आला. कॉलेजला सुट्ट्या, स्पिरिटच्या कपाटाची चावी क्लार्कच्या खिशात आणि क्लार्क सासुरवाडीला. ट्रॅक्टर दारात लागलेले, पाणी टेकडीच्या पायथ्याशी येऊन टेकलेलं. सकाळी सकाळी गुलाब मला म्हणाला, "चाल गा, एक डाव पाहून घेऊ." मी कपारीच्या तोंडाशी बादली धरून बसलो. आत तो इतका वेळ होता की मी दोनदा हाक मारली. मग आतून आवाज आला, गुहेतून येतो तसा, लांबचा आणि शेजारचा एकदम.

"नर हाय, बाबूलाल."

बाहेर आला तेव्हा कोपरं सोललेली, तोंड चिखलानं माखलेलं, आणि हातात तो भुरा. त्यानं तो उलटा करून मला झाकणी दाखवली, सुपारीच्या कातरीसारखी निमुळती. आयुष्यात मी गुलाबला एवढा खूश फक्त त्या सकाळी पाहिला. त्याच्या लग्नातही नाही.

पण थंड अंधारातलं जनावर ते. गुलाबच्या ओट्यावर ठेवलेल्या बादलीत मे महिन्याचं ऊन शिरलं आणि दुपारपर्यंत भुरा मेला. आता मेल्यावर दोन तासांत सडतो खेकडा, हे कोणीही सांगेल. स्पिरिट नाही. गुलाब डोकं धरून बसला आणि एकदम उठला, "मोहाची पहिल्या धारेची चालते का?" मी म्हटलं, मला काय विचारतोस, मी सायकलवाला.

चिंधू गावाच्या कडेला दारू काढायचा. त्या दिवशी भट्टी मोडायला घेतली होती, मडकी पालथी घातलेली. गुलाबला दारात पाहून त्याच्या हातातली फुंकणी खाली पडली.

"काय गा गुलाबभाऊ, गाव बुडाले आलं तवा तुमचं शीलबी बुडालं का?"

"माह्या पोटात नाही जात, चिंधू. केकड्यासाठी पायजे."

"मेलेल्या केकड्याले कायले पाजता जी? जिता माणूस समोर उभा हाय, त्याले पाजा."

"पहिल्या धारेची दे. पाणी घातलेली नोको."

"भाऊ," चिंधू म्हणाला, आणि खरंच त्याचा आवाज जड झाला होता, "हे या गावची शेवटची धार हाय. पाणी घालून कोणाले फसवू आता."

तर शिशी घेऊन तो निघाला, गाव पाहत राहिलं, मी मागं हसू दाबत. आणि आम्ही गुलाबच्या दारात पोचलो.

वच्छला सकाळपासून रडत होती. तिनं दोन वेळा चूल मोडायला घेतली होती आणि दोन्ही वेळा तशीच ठेवली होती. पण आम्ही गेलो तेव्हा ती ओट्यावर बसली होती, पदर खोचून, पुढ्यात परात, आणि तोंडावर हसू. दिवसभरातलं पहिलं. परातीत भुरा होता. तिनं तो साफ केला होता. आमच्याकडच्या कोणत्याही बाईच्या हातात खेकडा द्या, ती डोळे मिटून पहिलं काम काय करील? उलटा करील, पोटाची झाकणी धरील आणि खसकन ओढून फेकून देईल. घाण तिथंच असते म्हणून. वच्छलानं तेच केलं होतं. वरून हळद-मीठ चोळलं होतं. जन्मभर अंधारात पांढरा राहिलेला भुरा पिवळाधमक होऊन परातीत पडला होता.

ती म्हणाली, "अजी, वास येऊन राहिला व्हता. मीनं म्हटलं सडून जाईन तुमचा केकडा. पोट साफ करून ठेवलो. आता टिकीन पाहा. जाता जाता आपल्या गावचा एक जीव तं नीट ठेवून जाऊ."

मला काड्या आठवल्या. मी गुलाबकडे पाहिलं.

गुलाब उभाच होता. शिशी त्यानं सदऱ्याखालून काढली, दोन्ही हातांनी धरली, आणि परातीकडे पाहत राहिला. ट्रॅक्टरवाला दोनदा भोंगा वाजवून गेला. मग तो खाली बसला, भुरा उचलून लोणच्याच्या काचेच्या बरणीत ठेवला, वरून मोहाची ओतली आणि झाकण लावलं. वच्छलाच म्हणाली, "बापा, दारू आणली तुमी?" आणि हसली. तेव्हा तोही थोडा हसला.

दिवस कलताना सगळे ट्रॅक्टरवर चढले आणि गुलाब दिसेना. मी परसात गेलो. तो उकिरड्यापाशी उकिडवा बसून राख चाळत होता, बोटांनी, धान निवडावं तशी. चार कोंबड्या त्याच्या आजूबाजूला टोचत होत्या. मी म्हटलं, काय शोधतोस? तो खोटं बोलला नाही. खरंही बोलला नाही. म्हणाला, "तू चाल, मी येतो." कोंबड्यांच्या चोचींकडे पाहत होता तो, तेवढं मला दिसलं.

कॉलेज उघडेपर्यंत मोहाची गढूळ झाली होती. स्पिरिट फक्त जनावर आणेपर्यंत, प्रयोगशाळेत कायमचं सगळं फॉर्मलिनमध्येच ठेवायची रीत, म्हणून गुलाबनं भुऱ्यालाही फॉर्मलिनमध्ये घातलं. धनंजय सरांनी बरणी खिडकीच्या उजेडात धरली, फिरवली, खालून पाहिली. चष्मा काढला. मग एवढंच म्हणाले, "गुलाब, दुसरा मिळेल का रे?"

तोवर कपारीवर बारा हात पाणी होतं.

सर भले माणूस. म्हणाले, ठेव, सांभाळून ठेव, वर्गीकरणाच्या नवीन नवीन पद्धती निघत आहेत, उद्या काड्यांशिवायही ओळखता येईल. तेवढ्या बोलण्यावर गुलाबनं पुढची अकरा वर्षं काढली. दर सोमवारी ती बरणी पहिली पुसायचा. लेबल त्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं, कारण शाई औषधात उतरते: भुरा केकडा, नर, जुनी करंजटोली, टेकडीची कपार. सर रिटायर झाले, नागपूरला गेले आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वारले. पुढच्याच वर्षी गुलाबही रिटायर झाला, पण महिन्यातून एकदा कॉलेजात जाऊन बरणीतलं औषध पाहून यायचा. नवीन परिचर म्हणायचा, काका, तुमचा पोरगा बरा आहे.

आणि वच्छला? तिनं नव्या करंजटोलीत ही गोष्ट घरोघरी सांगितली. नवी करंजटोली म्हणजे सरळ रेषेतली घरं, घरांवर नंबर, सावलीला झाड नाही आणि बसायला पार नाही. बायका नळावर भेटल्या की ती नवऱ्याचं नाव न घेता सांगायची, "आमच्या याईनं केकडा पकडला, पण मीनं साफ केलो म्हून टिकला. आता त्याले आपल्या गावाचं नाव बसणार हाय. मोठ्या पुस्तकात." आधी लोक ऐकायचे, मग हसायचे, मग तिच्याकडूनच पुन्हा ऐकायचे. तीन वर्षांपूर्वी तिला लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणंही अर्धं गेलं. पण ही गोष्ट ती अजून पूर्ण सांगते. घास भरवता भरवता गुलाब रोज ऐकतो. मी एकदा त्याला म्हटलं, अरे, एकदा सांगून टाक तिला. तो म्हणाला, "काय सांगू? गाव सरकारनं बुडवलं आन् त्याचं नाव तू बुडवली, असं सांगू?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मागच्या हिवाळ्यात रश्मी मॅडम आल्या. धनंजय सरांच्या विद्यार्थिनी, आता स्वतः खेकड्यांवर काम करतात. सरांच्या जुन्या वहीत त्यांना भुऱ्याचा उल्लेख सापडला होता. त्यांनी बरणीतून एक पाय कापून नेला, तपासायला. गुलाब मला दुकानात येऊन सांगून गेला, "पद्धत निघाली गा. पायावरून ओळखतात आता. सर म्हनत होते तेच." त्या दिवशी त्यानं माझ्या दुकानातल्या चार गिऱ्हाइकांना चहा पाजला. ती माणसं अजून विचारतात, कशाचा होता.

परवा, म्हणजे होळीच्या आधी, मॅडम परत आल्या. गुलाब मला घेऊनच कॉलेजात गेला. मॅडमनी बरणी टेबलावर ठेवली होती, त्याच खिडकीपाशी. त्यांनी लांबण लावली नाही.

"काका, पायातून डीएनए निघाला नाही. फॉर्मलिनमध्ये इतकी वर्षं राहिला की आतलं सगळं तुटून जातं. स्पिरिटमध्ये असता तर कदाचित."

"म्हंजे दोष माहाबी हाय," गुलाब म्हणाला.

"दोष नाही हो. तेव्हा सगळीकडे तसंच ठेवत. पण आता ओळख पटवायला काड्याच हव्या होत्या, आणि पोटाची झाकणीच नाही. माझ्या यादीत हा घेता येणार नाही. गुहेतला आहे, रंग नाही, डोळे नाहीत, एवढं मला दिसतंय, बहुधा नवीनच होता. पण नाव नाही देता येत." मग त्यांनी हळूच विचारलं, "इतक्या जपून ठेवलेल्या जनावराची झाकणी काढली कोणी?"

गुलाबनं फडकं घेतलं आणि बरणी पुसायला लागला. मॅडमनी पुन्हा विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी चहा प्यायला येऊ का? सर नेहमी तुमच्याबद्दल सांगायचे."

त्यांच्या गाडीतून आम्ही नव्या करंजटोलीला आलो. वाटेत एका चढावरून धरणाचं पाणी दिसतं, चकचकीत, मधे काही नाही. मॅडमनी गाडी हळू केली. गुलाबनं बोट दाखवलं, "टेकडी तिकडं व्हती." मॅडम बराच वेळ तिकडं पाहत होत्या. मला पाण्याखेरीज काही दिसलं नाही, पण मीही पाहिलं.

वच्छला ओसरीतल्या खाटेवर बसली होती. नातेवाईक बाईनं केस विंचरून ठेवले होते, पाहुणी येणार असा गुलाबनं वाटेतून फोन केला होता म्हणून. मॅडमना पाहून तिनं डाव्या हातानं उजवीकडची जागा थोपटली. "बस वो बाई." गुलाब आत जाऊन चहा करायला लागला, आणि इकडं वच्छलानं गोष्ट सुरू केली. जीभ अडखळत होती, पण एक शब्द सोडला नाही. बादली, ऊन, वास, परात. "मंग मीनं उलटा केलो, पोटाची झाकणी काढून फेकलो, हळद लावलो. नाही तं सडला असता, बाई. याईले काय समजते, हे तं दारू आणाले गेले व्हते." आणि हसली, अर्ध्याच तोंडानं, कारण दुसरं अर्धं हसत नाही आता.

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग मी उतरताना पाहिला. वच्छलाचा न चालणारा हात त्यांच्या शेजारी चादरीवर पडला होता, तो त्यांनी उचलून आपल्या मांडीवर घेतला.

गुलाब चहा घेऊन दारात आला होता. बशीत ओतलेला चहा त्यानं वच्छलाच्या तोंडाशी नेला. तिनं तोंड बाजूला केलं. तिला आधी विचारायचं होतं. मॅडमना नाही विचारलं. त्याला विचारलं, कारण गुलाब खोटं बोलत नाही हे तिला चाळीस वर्षांपासून माहीत आहे.

"अजी, बाई एवढ्या दुरून आली. मंग बसलं का नाव आपल्या गावाचं?"

मी खाली पाहिलं. मॅडमनीही खाली पाहिलं. गुलाबनं बशी पुन्हा तिच्या तोंडाशी नेली. तो म्हणाला ते जसंच्या तसं सांगतो:

"बसलं वो. तू साफ करून ठेवली म्हूनच बसलं. पे आता, चाय थंडी होऊन राहिली."